झुलू वऱ्हाडाचं गाणं आणि एक मोकळा रकाना

दक्षिण आफ्रिकेत गाणं नोंदवायचं तर फॉर्म भरावा लागतो. गाण्याचं नाव, संगीतकार, गीतकार, संयोजक, प्रकाशक, आणि प्रत्येकाच्या नावापुढे टक्के. बेरीज 100 भरली पाहिजे. क्वाझुलू-नाताळ या झुलू लोकांच्या प्रांतातल्या एखाद्या घराच्या अंगणात, लग्नासाठी पंधरा-वीस जणांनी मिळून बसवलेलं नाचाचं गाणं या फॉर्मपाशी आलं की पहिल्या दोन रकान्यांतच अडतं. संगीतकार कोण? सगळेच. गीतकार? तेही सगळेच. मग घाईघाईत एक सोयीचा शब्द लिहिला जातो, ‘पारंपरिक’, आणि संयोजकाच्या रकान्यात नाव पडतं ते ज्याच्या हातात पेन आहे त्याचं.

शब्द आदराचा वाटतो. मराठी कॅसेटच्या वेष्टनांवरही तो किती सहज छापला जायचा! पण व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच होतो, की या गाण्याचे पैसे मागायला कुणी येणार नाही. माझं म्हणणं असं, की रोजच्या जगण्याच्या आनंदाचं गाणं सगळ्यांचं असतं हे खरं असलं, तरी ते बसवणारी माणसं बोटांवर मोजता येतात. त्यांची नावं त्याच दिवशी लिहिता येतात आणि लिहिलीच पाहिजेत. सरकारने ट्रस्ट काढून असं गाणं ‘समाजा’च्या खात्यात जमा करणं हा उपाय नव्हे. एका जागी खाल्लेले पैसे दुसऱ्या जागी अडकवणं, एवढंच त्यातून साधेल.

आधी हे गाणं बनतं कसं ते पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

झुलूत ‘इंगोमा’ हा शब्द गाण्यालाही चालतो आणि नाचालाही. जुन्या पद्धतीच्या लग्नात दोन बाजू समोरासमोर येतात. नवरीकडचं वऱ्हाड ते उम्थिंबा, नवऱ्याकडचं ते इखेथो. अंगणात दोघांचा नाचाचा सामना होतो. नवरीच्या मैत्रिणी आणि बहिणी आधीपासून संध्याकाळी जमून गाणी बसवतात, कारण त्या दिवशी फजिती झाली तर ती सासरी अनेक वर्षं चघळली जाते. नवरीच्या हातात छोटी सुरी असते आणि तिच्या भोवतीनं तिची माणसं नाचतात. नवरीकडच्यांच्या खास गाण्याला इंकोन्द्लो म्हणतात. गंमत म्हणजे आजच्या झुलूत हाच शब्द ‘कविता’ या अर्थाने रुळला आहे. म्हणजे ज्याला भाषा स्वतः कविता म्हणते, त्याला फॉर्म गीतकार नाकारतो.

शब्द थोडे असतात, कधी चार, कधी सहा. विषय घरचेच. आमची मुलगी कामाची आहे, तिला नीट वागवा. पाहुण्यांच्या हंड्यातली बिअर कुठे गेली? ज्वारीची बिअर नसेल तर लग्नाला लग्न कोण म्हणेल? शेजारणींनो, जळू नका. आपल्याकडे विहिणी एकमेकींना गाण्यातून टोमणे देत, तो बाज ज्यांच्या कानावर आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र तिथे फार काटेकोरपणे लिहिली गेली. 1869 मध्ये नाताळच्या वसाहती सरकारने लोबोलाचा, म्हणजे वरपक्षाने द्यायच्या गुरांचा आकडा ठरवून टाकला. सामान्य घरातल्या मुलीसाठी 10 गुरं. नवरीच्या आईची गाय वेगळी, म्हणून लोक आजही 11 म्हणतात. लग्नातली गुरं मोजून कायद्यात घालणाऱ्यांना लग्नात गाणाऱ्यांची नावं लिहावीत असं कधी सुचलं नाही.

आता गाण्याची बांधणी. एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे उत्तर देतात, असं आपण ढोबळपणे म्हणतो. भजनातल्या बुवांसारखं: बुवा म्हणाले, मग टाळकऱ्यांनी झेललं. झुलू गाण्यात तसं नसतं. उत्तर देणारे ओळ संपायची वाट पाहत नाहीत. ओळ टाकणाऱ्या पुढच्या गायकाच्या ओळीची शेपटी अजून हवेत असताना उत्तर सुरू होतं, आणि उत्तर संपायच्या आत पुढचा परत उठतो. दोन्ही भाग गोल फिरत राहतात, पण दोघांची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे या गाण्याला खऱ्या अर्थाने पहिली ओळ नाही आणि शेवटही नाही. डेव्हिड रायक्रॉफ्ट या अभ्यासकाने 1960च्या दशकात ही रचना बारकाईने मांडली होती.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पुढचा गाणारा ओळ बदलत राहतो. तो एकदा नवरीचं नाव घेतो, पुढच्या फेरीत एखाद्या मामाची थट्टा करतो, मधेच नुसता हुंकार टाकतो. उत्तर मात्र बदलत नाही. तोच तळ असतो, गाणं ओळखलं जातं ते त्यावरून. म्हणजे गाण्यातला स्थिर, ठरवून बसवलेला, पुन्हापुन्हा तसाच येणारा भाग कोरसचा आहे. कायदा नेमकं उलट धरतो. त्याच्या लेखी पुढचा तो कर्ता, आणि कोरस म्हणजे नुसते गाणारे, ज्यांना दिवसाची बिदागी दिली की विषय संपला.

भाषा हा आणखी एक धागा. झुलूत स्वराच्या उंचीने अर्थ बदलतो. ‘इन्यांगा’ म्हणजे चंद्र आणि ‘इन्यांगा’ म्हणजे जडीबुटीचा वैद्य. अक्षरं तीच, चढउतार वेगळा. शिवाय काही घोष व्यंजनं पुढच्या स्वराला खाली ओढतात. त्यामुळे चाल शब्दांवर वाटेल तशी बसवता येत नाही, शब्दच चालीचा निम्मा आराखडा घेऊन येतात. ज्या बाईने उत्तराच्या ओळीत एक शब्द बदलला तिने चालही थोडी बदलली. ‘ती फक्त शब्द सुचवत होती’ असं म्हणून तिला बाजूला सारता येत नाही. आणि हो, टाळूवर, दातांवर, गालाशी होणारे टचकारे. दातांवरचा टचकारा आपल्याला परका नाही. हळहळताना आपण ‘च्च, च्च’ करतो तोच. आपल्याकडे तो अक्षर झाला नाही, झुलूत झाला, आणि रोमन लिपीत तो ‘सी’ने लिहितात. इसिचाथामिया या गायनप्रकाराच्या नावात मधे तोच आहे. ज्याला तो ऐकू येत नाही तो हे गाणं कागदावर उतरवतानाच चुकतो.

स्टुडिओत काय बिघडतं तेही यावरून कळतं. पुढच्या गायकाला आधी एकट्याला रेकॉर्ड केलं की त्याच्याकडे टेकायला उत्तर नसतं. तो ओळ पूर्ण करून थांबतो आणि गाण्याचा कणाच मोडतो. नंतर तिघांना बोलावून, त्यांचेच आवाज एकावर एक चढवून कोरस ‘भरला’ जातो. दोन भाग एकमेकांवर चढलेले दिसले की तंत्रज्ञाला ती चूक वाटते आणि तो त्या कडा कापून साफ करतो. लयीचं दुखणं वेगळंच. इंदलामूसारख्या नाचात पाय डोक्याच्या उंचीपर्यंत जाऊन जमिनीवर आदळतो. एवढा पाय वर जाऊन खाली यायला लागेल तेवढा वेळ लागणारच. संगणकावरचा ठोका थोडा जरी पुढे ढकलला तरी गाणं ऐकायला चटपटीत होतं आणि नाचायला निरुपयोगी. शेवट नसल्यामुळे आवाज हळूहळू विरवावा लागतो, ते मात्र चालतं. थोडक्यात, गाणं नीट रेकॉर्ड करायचं असेल तर सगळे एका खोलीत, एका वेळी, पायांसकट हवेत. आणि सगळे एका खोलीत असतील तर त्यांची नावं विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

ही नावं न विचारल्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘म्बुबे’. 1939 मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत सॉलोमन लिंडा आणि त्याच्या ‘ईव्हनिंग बर्ड्‌स’नी ते गायलं. लिंडा नाताळमधल्या म्सिंगा भागातला. गुरं राखणाऱ्या पोरांचं आणि सिंहाचं हे गाणं. कोरस तळाशी ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’, असं घोळवत राहतो आणि वर लिंडाचा आवाज मोकळा फिरतो. तिसऱ्या वेळी रेकॉर्ड करताना शेवटच्या काही सेकंदांत त्याला एक सुरावट सुचली. पुढे तबकडी अमेरिकेत पोचली, तिथल्या पीट सीगर या लोकगायकाने ऐकून लिहून काढली, ‘उयिम्बुबे’चं ‘विमोवे’ झालं, आणि त्याच्या ‘द वीव्हर्स’ या गटाने ते गायलं तेव्हा कर्ता म्हणून पॉल कॅम्बेल हे नाव छापलं गेलं. असा माणूसच नव्हता; लोकगीतं म्हणून घेतलेल्या चालींसाठी वापरायचं ते टोपणनाव होतं. 1961 मध्ये ‘द टोकन्स’नी लिंडाच्या त्या शेवटच्या सुरावटीवर इंग्रजी शब्द चढवून गाणं जगभर नेलं. तिकडे 1952 मध्ये लिंडाने 10 शिलिंगांना हक्क लिहून दिले होते. 1962 मध्ये तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर दगड बसायला पुढची बरीच वर्षं गेली.

वारसांना न्याय मिळाला तो कसा, हे आपल्यालाही जाणून घेण्यासारखं आहे, कारण ज्या कायद्यातून तो निघाला तो एके काळी मुंबई इलाख्यातही लागू होता. 1911च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं: लेखकाने हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकांच्या वारसांवर कंगाल व्हायची वेळ येऊ नये म्हणून घातलेलं. साम्राज्यभर तोच कायदा. आपल्याकडे तो 1914च्या कायद्याने आला आणि 1957चा कायदा लागू होईपर्यंत टिकला. लिंडाच्या बाबतीत 1962 अधिक 25, म्हणजे 1987. ओवेन डीन या वकिलांनी हे विसरलेलं कलम शोधून काढलं, 2004 मध्ये हे गाणं ‘द लायन किंग’मध्ये वापरणाऱ्या डिस्नेविरुद्ध दावा लागला आणि फेब्रुवारी 2006 मध्ये तडजोड झाली. मागची आणि पुढची रॉयल्टी मिळायचं ठरलं, लिंडाला सहसंगीतकार म्हणून मान्यता मिळाली.

इथे बहुतेक लेख समाधानाने संपतात. पण ‘ईव्हनिंग बर्ड्‌स’ हा सहा जणांचा गट होता. वरच्या पट्टीत लिंडा, त्याखालच्या ‘आल्टो’ आवाजात गिल्बर्ट मडोन्डो, त्याहून खालच्या ‘टेनर’मध्ये बॉय सिबिया, आणि खर्जात गिडियन म्खिझे, सॅम्युएल म्लांगेनी, ओवेन सिखाखाने. जगभर ज्या एका शब्दाने हे गाणं ओळखलं जातं तो शब्द या बाकीच्यांच्या तोंडी आहे. लिंडाची सुरावट शेवटच्या काही सेकंदांत येते, ‘उयिम्बुबे’ पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू आहे. तडजोडीत मात्र एकाच घराला वाटा मिळाला. लिंडाच्या मुलींवर हा आरोप नाही, त्यांनी जे मिळवलं ते आधीच फार उशिरा मिळालं. दोष कायद्याच्या नजरेचा आहे. त्याला एकच कर्ता दिसतो, म्हणून न्याय करतानाही तो एकच शोधतो.

गंमत अशी, की सहाही नावं लिहिली असती तर लिंडाच्या घरालाच फायदा होता. दक्षिण आफ्रिकेच्या 1978च्या कायद्याप्रमाणे गाण्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 50 वर्षं टिकतो. लिंडाच्या एकट्याच्या नावावर तो 2012च्या अखेरीस संपला. एकत्र मिळून केलेल्या आणि कुणाचा वाटा सुटा काढता येत नाही अशा कृतीच्या बाबतीत ही 50 वर्षं सगळ्यात शेवटी वारलेल्या कर्त्यापासून मोजतात. सहांपैकी सगळ्यात दीर्घायुषी कोण ठरला असता, त्यावर सगळ्यांच्या नातवंडांचं उत्पन्न अवलंबून राहिलं असतं. कोरसला सोबत घेणं हे नुसतं मोठ्या मनाचं काम नाही, हिशेबातही ते फायद्याचं आहे.

पायांचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड. 2019च्या शेवटी संगीतकार मास्टर केजी आणि गायिका नोम्चेबो झिकोडे यांचं ‘जेरुसलेमा’ आलं. शब्द झुलू. प्रार्थना आहे ती: मला सांभाळ, माझ्याबरोबर चाल, मला इथे सोडून जाऊ नकोस. पण ते जगभर गेलं ते पायांवरून. फेब्रुवारी 2020 मध्ये अंगोलातल्या ‘फेनोमेनोस दो सेंबा’ या गटाने अंगणात, हातात जेवणाच्या थाळ्या घेऊन, खाता खाता नाचल्याचा व्हिडिओ टाकला. पावलं सोपी, ओळीत उभं राहून करायची, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी पाव वळण, म्हणजे चार फेऱ्यांत माणूस परत समोर येतो. टाळेबंदीत दवाखान्यांतल्या परिचारिका, अग्निशमन दल, पोलीस सगळे त्या पावलांवर नाचले. 2021 मध्ये जर्मनीत वॉर्नर म्युझिकने असे व्हिडिओ टाकणाऱ्या संस्थांकडे परवाना शुल्क मागितलं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या गृहखात्याने पोलिसांच्या व्हिडिओपोटी ते भरलंही. त्याच वर्षी गायिकेने जाहीरपणे सांगितलं, की आपल्याला अजून काही मिळालेलं नाही. आणि थाळ्या घेऊन नाचलेल्यांना गाण्याच्या रॉयल्टीत जागाच नव्हती, कारण पावलं हा गाण्याचा भाग धरला जात नाही.

कायद्यात नाचाला जागा नाही असं नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते, आपल्याही कायद्यात तसंच आहे. अट एकच, ती कुठल्या तरी रूपात पक्की नोंदलेली असली पाहिजे. पण हा हक्क गाण्यापासून वेगळा. ज्या भाषेत गाणं आणि नाच एकाच शब्दात मावतात त्या भाषेतल्या कलाकाराला दोन वेगळे अर्ज करावे लागतात, आणि दुसरा अर्ज असतो हे त्याला कुणी सांगत नाही.

सरकारला हे दिसलं नाही असंही नाही. 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेने बौद्धिक संपदा कायद्यांत दुरुस्ती करणारा 28 क्रमांकाचा कायदा केला. पारंपरिक कृती समाजाच्या मालकीच्या, त्यांच्यासाठी राष्ट्रीय ट्रस्ट, राष्ट्रीय परिषद, नोंदवही. हेतू चांगला होता. राष्ट्राध्यक्षांची सही झाली, पण कायदा अंमलातच आणला गेला नाही. आणि त्याच्या विरोधात सगळ्यात ठामपणे बोलणाऱ्यांत होते तेच ओवेन डीन, ज्यांनी लिंडाच्या वारसांचा खटला उभा केला. त्यांचं म्हणणं असं होतं, की पारंपरिक ज्ञान कॉपीराइटच्या साच्यात कोंबू नका, त्यासाठी वेगळा कायदा करा.

मला त्यांचा विरोध पटतो, पण कारण आणखी खालच्या पातळीवरचं आहे. ‘झुलू समाज’ म्हणजे कोण? 2022च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ चौथ्या हिश्शाने, 24.4 टक्के लोकांनी, घरी झुलू बोलतो असं सांगितलं. ज्या पंधरा जणांनी गाणं बसवलं त्यांच्या ऐवजी दीड कोटी लोकांना मालक करणं म्हणजे ट्रस्टच्या कार्यालयाला मालक करणं. म्सिंगाच्या अंगणातल्या बाईला त्या कार्यालयाचा जिना चढावा लागेल आणि वर गेल्यावर ‘तुम्ही समाजाच्या अधिकृत प्रतिनिधी आहात का’ असं विचारलं जाईल. दुसरं म्हणजे, समाजाच्या मालकीची कृती ‘पारंपरिक’ असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी ती समाजाच्या वारशाचा भाग मानली जाते हे दाखवावं लागतं. गेल्या महिन्यात बसवलेलं नवं वऱ्हाडी गाणं कुठे जाणार? ट्रस्टकडे जायला फार ताजं आणि फॉर्मवर यायला फार सामुदायिक.

रोजच्या जगण्याच्या गाण्याला कर्ता असूच शकत नाही, हे तर उघड खोटं आहे. गायिका ब्रेंडा फासीचं 1997चं ‘वुलिन्द्लेला’ घ्या. ‘वाट मोकळी करा’ एवढाच नावाचा अर्थ. मुलाच्या लग्नाच्या आनंदात असलेली आई कुचाळक्या करणाऱ्या शेजारणीला ठणकावते, की बाजूला हो, आज माझ्या घरी सून येते आहे. शब्दांत झुलू आणि खोसा सरमिसळ, सगळा बाज लग्नातल्या टोमण्यांचा. निर्माता सेलो ‘चिको’ ट्वाला. आज ते लग्नालग्नांत वाजतं, सभांमध्ये वाजलं, लोक ते घरचंच समजतात. तरी कुणी त्याला ‘पारंपरिक’ लिहून मोकळं होत नाही, कारण पहिल्या दिवशी नावं लिहिली गेली होती. स्टुडिओतल्या आनंदाला मालक असतो आणि अंगणातल्या आनंदाला नसतो, असा हा अलिखित नियम आहे.

मग करायचं काय? उपाय कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच चालण्यासारखा आहे. रेकॉर्डिंगच्या आधी, नंतर नव्हे, एक कागद. गाणं गाजल्यावर हिशेबाला बसलेले मित्र वकिलाकडेच उठतात. सगळ्यांनी पूर्ण गाणं, नाचासकट, एकदा फोनवर चित्रित करायचं. कॅमेरा स्थिर, पाय दिसले पाहिजेत, लांबी निदान तीन-चार फेऱ्या. शेवटी प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि आपण काय केलं ते बोलायचं. एवढ्यात तारीख पक्की होते आणि नृत्यरचनाही नोंदली जाते.

कागदावर चार गोष्टी सुट्या लिहायच्या: पुढची ओळ कुणाची, उत्तराचे भाग कुणी बसवले, शब्द कुणाचे, पावलं कुणाची. इसिचाथामियाच्या दहा जणांच्या नेहमीच्या गटात एक पुढचा, एक आल्टो, एक टेनर आणि सात खर्ज असतात. अशा गटासाठी मी सुचवीन ती वाटणी अशी: शब्दांसह पुढच्या ओळीला 40 टक्के, उत्तर बसवणाऱ्यांना मिळून 50, वाद्यांचा किंवा संगणकाचा ठोका बांधणाऱ्याला 10. नऊ जणांत 50 म्हणजे प्रत्येकी साडेपाच टक्के. आकडा लहान दिसतो, पण ‘पारंपरिक’मध्ये तो शून्य असतो. जे गायले पण ज्यांनी काही बसवलं नाही त्यांना यात घालू नये. त्यांचा हक्क सादरकर्त्याचा, तो वेगळ्या खिडकीवर मिळतो. पावलं बसवणाऱ्याचा वाटा गाण्याच्या रॉयल्टीतून कायदा देत नाही, म्हणून तो रेकॉर्डिंगच्या उत्पन्नातून, लेखी करारानेच द्यावा लागेल. त्या नाचाच्या म्होरक्याला, इगोसोला, विसरणं सगळ्यात सोपं असतं, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला बोलावलेलंच नसतं.

मग नोंदणी, आणि ती दोन ठिकाणी. रचनेचे पैसे साम्रो या संस्थेकडून येतात, रेडिओवर वाजलेल्या रेकॉर्डिंगचे सादरकर्त्यांचे पैसे साम्प्रा या दुसऱ्या संस्थेकडून. गट बहुधा एकीकडेच नोंदणी करतात आणि दुसरीकडचं पाकीट तसंच पडून राहतं. नावाचं स्पेलिंग ओळखपत्रावर आहे तसंच, आणि सोबत ओळखपत्राचा क्रमांक. ड्लामिनी, म्खिझे, न्डलोवू ही आडनावं गावोगाव आहेत. नुसत्या आडनावावर पैसे भलत्याच्या खात्यात जातात किंवा कुणाच्याच जात नाहीत. आणखी एक ओळ आवर्जून लिहावी: ‘ही चाल अमुक गावच्या वऱ्हाडाकडून ऐकली.’ घेतल्याचं मान्य करायला पैसे पडत नाहीत, आणि पुढे त्या गावचं कुणी उठलं तर बोलायला सुरुवातीची जागा असते. ज्या गाण्यांचे कर्ते खरोखर कुणालाच ठाऊक नाहीत ती मोकळीच सोडावीत, त्यांना ट्रस्टची कडी लावू नये.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ही गाणी जगतात ती उसनवारीवर. एका लग्नातलं उत्तर दुसऱ्या लग्नात नव्या ओळीखाली जातं. नावं आणि टक्के आले की परवानगी मागायची वेळ येईल, पोरी घाबरतील, गाणी गोठतील. भीती अगदी खोटी नाही. पण नाव लिहिणं आणि कुलूप लावणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कायद्यात त्या वेगळ्या ठेवता येतात. याचा नमुना आपल्याकडे आहे. भारताच्या 1957च्या कायद्यातलं कलम 52, त्यातला ‘झेडए’ हा खंड. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेलं संगीत कॉपीराइटचा भंग ठरत नाही, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रमही त्यात धरले आहेत. अशीच सरळ सूट दक्षिण आफ्रिकेने अंगणातल्या लग्नाला द्यावी, म्हणजे उम्थिंबाला कुणाच्या दारात जायला नको.

फक्त आपली चूक तिथे नेऊ नये. आपल्याकडे ‘सामाजिक कार्यक्रम’ कुठे संपतो यावर भांडण आहे. हॉटेलच्या हिरवळीवरचा डीजेचा संगीत सोहळा त्यात बसतो का? गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये परिपत्रक काढून सूट सैलपणे लावली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. म्हणून सूट लिहितानाच रेघ ओढावी: माणसांनी स्वतः गायलेलं आणि नाचलेलं मोकळं, भाड्याच्या ध्वनियंत्रणेवर वाजवलेलं रेकॉर्डिंग मोकळं नाही. गाणी टिकतात ती पहिल्या प्रकाराने, पैसे येतात ते दुसऱ्यातून.

दक्षिण आफ्रिकेचं नवं कॉपीराइट दुरुस्ती विधेयक 2017 मध्ये मांडलं गेलं. संसदेने एकदा मंजूर केलं, 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवलं, फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते घटनात्मक न्यायालयाकडे धाडलं. त्यात संगीताचे हक्क विकले तरी ते जास्तीत जास्त 25 वर्षांसाठीच, अशी तरतूद आहे. म्हणजे 1911च्या कलमातला आकडाच परत आला, या वेळी मरायची वाट न पाहता. चांगलं आहे. पण 25 वर्षांनी हक्क परत येणार कुणाकडे? ज्याचं नाव फॉर्मवर आहे त्याच्याकडे. संयोजकाच्या रकान्यात एकटा पेनवाला असेल तर 25 वर्षांनी दार त्याचंच वाजेल.